जात्यापाशी बसलेला राग

(गंगाखेड येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभी हयात या गावातल्या पोरांना कविता शिकवण्यात घालवली. त्यामुळे विषय शोधायला मी फार लांब गेले नाही. राग, शोक, मत्सर, एकटेपण या भावना आपल्याला नकोशा वाटतात. दुसरीकडे, ध्यानीमनी नसताना एखादी गोष्ट अचानक समोर येते आणि ठरवलेलं सगळं बाजूला सारते. या दोहोंतून माणसाच्या हातून नवं काही कसं घडतं, ते आज बोलायचं आहे. असा विषय निघाला की सगळे वाल्मीकीचं आणि क्रौंच पक्ष्याचं उदाहरण देतात. गोदाकाठी उभं राहून मला तितकं लांब जायची गरज नाही. आपल्याकडे जनाबाई आहे.

जनाबाई याच गावची. दमा आणि करुंड हे तिचे आईबाप. परंपरा सांगते की लहानपणीच ती पंढरपूरला दामाशेटींच्या घरी गेली, नामदेवांच्या त्या घरात वाढली आणि जन्मभर तिथेच राबली. तिच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत, शिवाय हरिश्चंद्राख्यान आणि थाळीपाकासारखी आख्यानं आहेत. तिचं नाव आपण देवळाला दिलं, कॉलेजला दिलं. कॅलेंडरवर ती जात्याशी बसलेली असते आणि समोर पितांबर नेसलेला विठ्ठल खुंटा ओढत असतो. चित्र गोड आहे. पण या गोडव्यात एक गोष्ट हरवली, ती म्हणजे जनाबाईचा राग.

गाथा उघडून बघा. ही बाई विठ्ठलाला एकेरीत हाक मारते, त्याच्या नावाचा 'विठ्या' करते, त्याच्या आईचा उद्धार करते, त्याच्या बायकोचं कुंकू पुसलं गेलं म्हणण्यापर्यंत जाते. दुसऱ्या एका अभंगात ती डोईवरचा पदर खांद्यावर येऊ देते आणि तशीच भरल्या बाजारात जाईन म्हणते. सातशे वर्षांपूर्वीची, दुसऱ्याच्या घरी राबणारी, मागे ना आईबाप ना नवरा अशी ही बाई. घरात ती कुणावर रागावणार? मालकावर रागावली तर भाकर जाईल. तिने राग दाबला नाही आणि घरातल्या माणसांवर काढलाही नाही. हा राग जो सोसू शकेल, अशा देवाकडे तिने तो नेला.

आणि मग त्या रागातून काय निघालं? देव केर भरायला लागला. देव शेणी वेचायला लागला, तिची वेणी घालायला लागला, धुणं धुवायला लागला. देवाला इतकं घरकाम लावणारी दुसरी कवयित्री मराठीत सापडणार नाही. माझं स्पष्ट मत आहे की ही कल्पना नुसत्या भक्तीतून आलेली नाही. दिवसभराच्या कामाने पाठ मोडलेल्या बाईच्या 'आता तू तरी ये की हात लावायला' या चिडीतून ती आली. भक्तीने तिला ज्याच्याशी बोलायचं तो दिला, रागाने बोलायचं काय ते दिलं.

नामदेवांच्या घराविषयी एक गोष्ट सांगते, कारण ती फारशी बोलली जात नाही. गाथेत नामदेवांची आई गोणाई आणि बायको राजाई यांच्या नावावरही अभंग आहेत, आणि त्यातला मोठा भाग गाऱ्हाण्याचा आहे. पोरगा देवाच्या नादी लागला, संसाराकडे बघत नाही, घरात खायला नाही. ज्या घरात सासू-सून आपली तक्रार अभंगात मांडतात, त्या घरात दासीच्या रागालाही अभंग व्हायला जागा मिळते. 'नामयाची दासी' म्हणून सही करणाऱ्या बाईला तिथे कुणीतरी ऐकणारं होतं. नुसत्या दुःखाने कुणी कवी होत नाही. कुणीतरी ऐकेल, ही खात्री त्याच्यासोबत लागते.

आता थोडं जात्याजवळ बसू. समोरच्या तरुण मंडळींपैकी अनेकांनी जातं फक्त लग्नात, हळद दळताना पाहिलं असेल.

पहाटे, कोंबडा आरवायच्या आत, बाई उठायची. घरात सात-आठ खाणारी तोंडं असली तर पायलीभर ज्वारी दळायची. डाव्या हाताने मूठमूठ दाणे जात्याच्या तोंडात सोडायचे, उजव्या हाताने खुंटा फिरवायचा. समोर जाऊ किंवा नणंद असली तर दोघींचे हात एकाच खुंट्यावर. अंधार असायचा, पुरुष निजलेले असायचे आणि दगडाच्या घरघरीत बोलणं पलीकडच्या खोलीत ऐकू जात नसे. दिवसभरात बाईला एवढाच वेळ असा मिळायचा की हात पूर्ण गुंतलेले आणि मन पूर्ण मोकळं. सासऱ्यासमोर जे बोलता येत नाही, नवऱ्याला जे सांगितलं तर मार बसेल, ते ती तिथे ओव्यांतून गायची.

ओवीची बांधणी साधी असते. पहिली ओळ बहुधा ठरलेली असते, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. बाईचं स्वतःचं काही यायचं ते दुसऱ्या ओळीत. पण दुसऱ्या ओळीला यमकाची अट आहे. पहिल्या ओळीचा शेवटचा शब्द सोडला की जात्याचा एक फेरा, फार तर दोन फेरे हातात असतात. तेवढ्यात जुळणारा शब्द यायला हवा. विचार करत बसायला सवड नाही, कारण हात थांबला की दळण थांबतं. अशा वेळी मनात जे वर येतं ते बाईने ठरवलेलं नसतं. यमक तिला ओढून अशा ठिकाणी नेतं जिथे ती आपणहून गेली नसती.

माझ्या चुलतीचं सांगते. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावी ती जन्मभर राहिली. तिचा एक मुलगा लहानपणीच गेला होता. दिवसा त्याचं नाव घरात कुणी काढत नसे, तीही काढत नसे. एका पहाटे ती दळत होती, मी शेजारी गोधडीत जागी होते. तिची पहिली ओळ 'रानोमाळ' या शब्दावर संपली आणि ती अडली. जातं नुसतंच फिरत राहिलं. तेवढ्यात बाजाराला निघालेली एक गाडी वाड्यामागच्या वाटेने गेली, आणि पुढच्या ओळीत बैलांची घुंगरमाळ आली. त्यानंतरच्या ओव्यांत ती गाडी घराकडे वळली, गाडीत मुंडावळ्या बांधलेला नवरदेव बसला, त्याच्या मागे वऱ्हाड आलं. मेलेल्या पोराचं लग्न तिने त्या पहाटे लावलं. नाव एकदाही घेतलं नाही. गाडी त्या वेळी गेली नसती तर त्या दिवशी ती कुठे पोचली असती, कोण जाणे. पण गाडी काय, रोजच जात होती. त्या दिवशी चुलती अडलेली होती, तिला शब्द हवा होता, म्हणून कानावर पडलेला आवाज तिने घेतला. योगायोग सगळ्यांच्याच दारावरून जातो. आतलं माणूस असं अडून बसलेलं असेल तरच तो घरात येतो.

गी पॉइत्वँ आणि हेमा राईरकर या दोघा अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आज तो ठेवा 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या संकेतस्थळावर हळूहळू प्रसिद्ध होतो आहे. आपल्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसचा आवाजही त्यात आहे. त्यात सीतेच्या वनवासाच्या ओव्या ऐका. रामाने टाकलेली, रानात एकटी राहिलेली सीता. गाणाऱ्या बाईला वाल्मीकी रामायणाशी फारसं देणंघेणं नसतं. तिला स्वतःचं माहेर, स्वतःचं टाकलं जाणं सांगायचं असतं. 'मी' म्हणणं कठीण, म्हणून ती 'सीता' म्हणते.

ही युक्ती किती खोल आहे ते अमेरिकेतल्या एका प्रयोगाशी ताडून बघावं असं मला वाटतं. 1986 साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींना किरकोळ विषय दिले, काहींना आयुष्यातली सर्वांत क्लेशाची घटना. ज्यांनी घटना आणि तिच्याविषयीच्या भावना दोन्ही लिहिल्या, ते पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी वेळा चढले. यातला एक बारकावा लोक विसरतात. लिहून झाल्या झाल्या त्यांना हलकं वाटलं नव्हतं. उलट ते जास्त उदास झाले होते. पुढच्या काळात पेनेबेकरांनी अशा लिखाणातले शब्द मोजले, तेव्हा दिसलं की 'कारण', 'त्यामुळे', 'आता कळलं' असे शब्द ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक वाढत गेले त्यांना अधिक फायदा झाला. सर्वनामं बदलली की फरक पडतो, कधी 'मी'च्या जागी उभं राहून तर कधी 'ती'च्या जागी उभं राहून लिहिलं की फरक पडतो, हेही त्यांच्या पुढच्या अभ्यासात आढळलं. पुढे असे पुष्कळ प्रयोग झाले. परिणाम माफक असतो, सगळ्यांवर सारखा होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण दळता दळता 'मी' सोडून 'सीता' होणाऱ्या आपल्या आज्यांनी यातलं मर्म कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय हाताशी धरलं होतं.

इथे एक इशारा देते, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. दुःख सोसल्याशिवाय कला येत नाही, म्हणून दुःख असू द्यावं, असं कुणी म्हणालं तर ते माझ्या नावावर घालू नका. हे मराठवाड्यात उभं राहून बोलणं म्हणजे पाप आहे. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायका आपल्या घराघरांत होत्या. त्यांच्यातल्या किती गायल्या आणि किती जणींचा आवाज कायमचा बसला, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. ज्या घरातला शेतकरी फास घेतो, त्या घरच्या दुःखाला आपण 'प्रेरणा' म्हणू शकत नाही. त्या घरी आधी माणूस जावा लागतो, मदत जावी लागते, गरज असेल तर डॉक्टर जावा लागतो. मी बोलते आहे ते जे दुःख आलेलंच आहे, टाळता आलेलं नाही, त्याच्याविषयी. ते आलं की त्याला दाराबाहेर उभं करायचं की जात्यापाशी बसवायचं, एवढाच निर्णय आपल्या हातात असतो.

आता योगायोगाकडे वळते. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी तिशीतच विधवा झाल्या, पदरात लेकरं. अक्षरओळख नाही. सांगतात की मुलगा सोपानदेव शाळेतून आला आणि त्याने पुस्तकातली सावित्रीची गोष्ट आईला सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने तीच गोष्ट आपल्या बोलीतल्या गाण्यात बांधून ऐकवली. पोर चकित झालं आणि आईची गाणी वहीत उतरवून घेऊ लागलं. पुढे सोपानदेव स्वतः कवी झाले. बहिणाबाई 1951 साली गेल्या. मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली पुस्तक निघालं. या साखळीतली एक कडी तुटली असती, त्या मुलाने त्या दिवशी गोष्ट सांगितली नसती, तर महाराष्ट्राला बहिणाबाई माहीतच झाल्या नसत्या. अशा किती बहिणाबाई आपल्या वाड्यावस्त्यांवर उतरवून घेणारं कुणी नव्हतं म्हणून गेल्या असतील, या विचाराने मला आजही झोप लागत नाही.

दूरचंही एक उदाहरण देते. 24 जानेवारी 1975, जर्मनीतलं कोलोन शहर. कीथ जॅरेट हा पियानोवादक कार्यक्रमाला आला तर रंगमंचावर भलताच पियानो. आकाराने लहान, वरचे सूर पत्र्यासारखे वाजणारे, पेडल धड चालत नाहीत. तो उठून निघाला होता. संयोजक मुलगी जेमतेम अठरा वर्षांची होती. तिने गळ घातली म्हणून तो वाजवायला बसला. वरचे सूर वापरता येईनात म्हणून मधल्या पट्टीत राहिला, आवाज पोचावा म्हणून डाव्या हाताने तेच तेच ठेके जोरात धरले. काय वाजवायचं हे आधी ठरवलेलं नव्हतंच, सगळं जागच्या जागी सुचत गेलं. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण एकट्या पियानोच्या सर्वाधिक खपलेल्या ध्वनिमुद्रिकांपैकी एक ठरलं. धड पियानो मिळाला असता तर छान कार्यक्रम झाला असता, पण ते संगीत झालं नसतं.

योगायोगाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या जिल्ह्याविषयी एक म्हण चालते, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. लोक ती हसण्यावारी नेतात, आपणही थोडे ओशाळतो. मला ती म्हण मनापासून आवडते. नशिबाने जमलं नाही तर माणूस कुठे जाईल? परभणीला जाईल. म्हणजे जिथे काही ठरलेलं नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं, अशी ही जागा. या अर्थाने ती म्हण मी अभिमानाने सांगते.

इथे मला बी. रघुनाथांचं नाव घ्यायचं आहे, कारण वरच्या सगळ्या बोलण्याची कसोटी त्यांच्या आयुष्यात लागते. भगवान रघुनाथ कुलकर्णी, जन्म 1913, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या सातोना गावी. हैदराबादेत मॅट्रिकपर्यंत शिकले, पुढे शिकता आलं नाही, आणि निजामाच्या बांधकाम खात्यात कारकून झाले. कचेरीचा कारभार उर्दूत. दिवसभर उर्दू कागद, वरिष्ठांची मर्जी, तुटपुंजा पगार आणि संसार. भोवती निजामी राजवट, शेवटी शेवटी रझाकारांचा धुमाकूळ. 1948 च्या सप्टेंबरात भारताची पोलीस कारवाई होईपर्यंत इथल्या माणसाला मोकळेपणाने श्वास घेता येत नव्हता. पुण्या-मुंबईचं साहित्यविश्व तर दुसऱ्याच मुलखातलं. अशा माणसाने चाळीस वर्षांच्या आयुष्यात कविता, कथा, कादंबऱ्या, ललित निबंध असं लिहिलं की नुसती नावं ऐकली तरी त्यांची तगमग कळते. 'आलाप आणि विलाप', 'जगाला कळले पाहिजे', 'म्हणे लढाई संपली', 'फकिराची कांबळी'. 1953 च्या 7 सप्टेंबरला ते गेले.

त्यांची कारकुनी ही त्यांच्या प्रतिभेची शोकांतिका, असं म्हणायची पद्धत आहे. मी अर्धंच मान्य करते. त्या नोकरीने त्यांचं आयुष्य कुरतडलं, यात शंका नाही, आणि त्यांना थोडी सवड, थोडा पैसा मिळाला असता तर ते जास्त जगले असते आणि जास्त लिहिलं असतं असं मला वाटतं. पण त्यांच्या गद्यात जी माणसं येतात, ती कुणी खोलीत बसून कल्पनेने रचलेली नाहीत. कामाच्या निमित्ताने ज्यांना भेटावं लागलं, ज्यांच्याविषयी चीड आली, कीव आली, स्वतःची लाज वाटली, ती माणसं त्यांनी टाकून दिली नाहीत. आपल्याच जिल्ह्यातल्या आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला 2016 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तेही पत्रकारितेचं रोजचं काम करता करता लिहिणारे. रोजीरोटीच्या कामात जे खुपतं ते घेऊन लिहिण्याची ही वाट आपल्याकडे जुनी आहे, हे इथल्या मुलांना कुणीतरी सांगायला हवं.

कारण आज त्यांच्याकडे जातं नाही. गिरणी आली, बायकांच्या पाठीवरचं ओझं उतरलं, ते उत्तमच झालं. जातं परत आणा असं मी कधीच म्हणणार नाही. पण हात गुंतलेले आणि मन मोकळं असा तो पहाटेचा तास गेला, त्याच्या जागी काय आलं? रिकामा क्षण मिळाला की मोबाइल वर येतो. त्यात आपल्याला आवडेल तेच समोर येईल अशी सोय केलेली असते. अनपेक्षित काही भेटायची वाटच बंद. अभ्यासिकांमध्ये वर्षानुवर्षं स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं मी बघते. निकाल हुकला की ती दोन दिवस कुणाशी बोलत नाहीत, तिसऱ्या दिवशी परत त्याच खुर्चीवर. अपयशाची लाज, पुढे गेलेल्या मित्राचा मत्सर, बापाच्या खर्चाचा सल, या सगळ्याचं काय होतं? कुठेच काही होत नाही, ते आत साचत राहतं.

त्या मुलांना माझं सांगणं आहे. एक साधी वही ठेवा. त्यात चांगलं लिहायचं नाही, खरं लिहायचं. ज्याची लाज वाटते ते आधी लिहा. 'मी' जड जात असेल तर जनाबाईसारखं कुणाशी तरी भांडा, नाहीतर ओवीतल्या बायांसारखं दुसऱ्या कुणाचं नाव घ्या. लिहिताना अडलात तर थांबू नका, खिडकीबाहेर जो आवाज येईल तो पुढच्या ओळीत घ्या, मग तो भाजीवाल्याचा असो की एसटीच्या हॉर्नचा. लिहून झाल्यावर लगेच बरं वाटणार नाही, घाबरू नका. आणि शक्य झालं तर ते एखाद्या माणसाला वाचून दाखवा.

शेवटची विनंती सगळ्यांना. तुमच्या घरात, शेजारात, गावी पंचाहत्तरी ओलांडलेली एखादी आजी असेल. तिला अजून ओव्या येतात. नुसतं विचारलं तर ती 'आता काय आठवतंय बाई' म्हणेल. हळदीचं जातं समोर ठेवा, खुंट्याला तिचा हात लावा, मग त्या आपोआप येतील. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत हे करा. मोबाइल त्यासाठी वापरा, आवाज रेकॉर्ड करा, आणि सोबत तिचं नाव, माहेर-सासरची गावं आणि तारीख लिहून ठेवा. या कामाला दहा वर्षं उशीर केला तर विचारायला कुणी उरणार नाही.